पकडलेला माल मोजता, गेलेली पोरं कोण मोजणार?

प्रति,
मा. केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्री,
मा. केंद्रीय आरोग्य मंत्री,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

तिघांना मिळून एकच पत्र लिहितोय, त्याला कारण आहे. अमली पदार्थांचा धंदा गृह खात्याकडे, व्यसनी माणूस सामाजिक न्याय खात्याकडे, त्याचं काळीज नि यकृत आरोग्य खात्याकडे, आणि त्यानं घेतलेली गोळी अन्न व औषध प्रशासनाकडे. एक माणूस चार खात्यांत वाटला की कुणाच्याच वहीत तो पुरा उतरत नाही. गृह खात्याला लिहीत नाही, कारण चौघांपैकी मोजदाद करतंय ते तेवढंच.

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला माझं मेडिकल आहे. बत्तीस वर्षं गल्ल्यावर बसलो, आता मुलगा बसतो. औषधाची चिठ्ठी कुणाची, कशी, किती जुनी हे बघण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे या विषयावर चार शब्द बोलायचा मला अधिकार आहे असं मानतो. पण पत्र लिहायला बसलोय ते दुकानदार म्हणून नाही, मामा म्हणून.

माझा भाचा चोवीस वर्षांचा होता. गाव पलूस तालुक्यातलं. पोलीस भरतीची तयारी करत होता. सोळाशे मीटरला त्याचे वीस सेकंद जास्त जायचे. त्या वीस सेकंदांवर कुणीतरी त्याला उपाय सुचवला, मेफेंटरमाइनचं इंजेक्शन. औषध वाईट नाही. सिझेरियनच्या वेळी पाठीत भूल दिली की बाईचं बीपी एकदम उतरतं, तेव्हा भूलतज्ज्ञ ते वापरतात. तेच धडधाकट पोराच्या शिरेत गेलं की ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, अंगात बळ आल्यासारखं वाटतं. जिममध्ये आणि भरतीच्या मैदानांवर ते का फिरतं, हे यावरून कळेल. एका पहाटे मैदानावरून आला, उलट्या झाल्या, छाती धरून बसला. रुग्णालयात नेईपर्यंत खेळ संपला होता.

कागदावर मृत्यूचं कारण लिहिलं, "हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्यामुळे". बहिणीनं तो कागद माझ्या हातात दिला आणि विचारलं, "दादा, हे कारण आहे का?" मी काय सांगणार? हृदय नि श्वास बंद पडल्याशिवाय आजवर कोण मेलंय? मृत्यूचं कारण प्रमाणित करायच्या सरकारी फॉर्मवरच छापलेलं असतं की माणूस कोणत्या आजारानं वा इजेनं गेला ते लिहा, हृदय बंद पडणं वगैरे मरणाची रीत लिहू नका. छापलंय तुम्हीच. वाचत कुणी नाही.

शवविच्छेदनात अंतिम मत राखून ठेवलं आणि व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने, न्यायवैद्यक प्रयोगशाळेला गेला. पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. तेरा महिन्यांनी अहवाल आला, तोही दाजींनी चार हेलपाटे घातल्यावर. औषधाचा अंश सापडला होता. तो कागद आकस्मिक मृत्यूच्या फायलीला टाचला गेला आणि फाईल बंद झाली. आरोग्य खात्याला तो गेला नाही, जन्म-मृत्यू नोंदणीकडे गेला नाही. तुमच्या दप्तरात माझा भाचा आजही काहीही न होता हृदय बंद पडलेला चोवीस वर्षांचा निरोगी मुलगा आहे.

आणखी एक कबुली. तिसऱ्या दिवसाचं आटोपून सांगलीला आलो आणि रात्री दुकान उघडून सगळी बिलबुकं काढली. ती बाटली माझ्या दुकानातनं तर गेली नव्हती ना, हे बघायला. नव्हती. पण पहाटे साडेतीनला कपाट लावताना वाटलं, आज नव्हती. बत्तीस वर्षांत ओळखीच्या माणसाला चिठ्ठीशिवाय एखादं पाकीट मीही दिलं असेल. दिलंय. धुतल्या तांदळाचा कुणीच नाही, म्हणूनच वही हवी.

त्यानंतर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत गेल्या तीन वर्षांत नशेच्या पदार्थांमुळे किती जण दाखल झाले, किती दगावले, कोणत्या पदार्थानं, एवढंच विचारलं होतं. अर्ज कलम ६(३) खाली एका कार्यालयातून दुसऱ्याकडे गेला, तिथून तिसऱ्याकडे. शेवटी एका ओळीचं उत्तर आलं, सदर माहिती या कार्यालयात संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. मी रागावलो नाही. त्या अधिकाऱ्यानं खरं तेच लिहिलं होतं. ती माहिती गोळा करा, असं त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. हे पत्र त्या ओळीवर आहे.

आता माझं गाऱ्हाणं एकेक करून मांडतो.

पहिलं. आकडा नाही असं नाही, पण तो मालाचा आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत कुपवाडला एमडी, म्हणजे मेफेड्रोन नावाचा नशेचा पदार्थ, सापडलं, मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत ते बनवायचा कारखानाच निघाला, २०२५ च्या जानेवारीत विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत आणखी एक. किती किलो, किती कोटींचा, कुठली वाहनं, कितीजण अटकेत, सगळं पेपरात आलं. पोलिसांनी काम केलं, त्याला नावं ठेवत नाही. पण द्राक्षाच्या नि उसाच्या मुलखात बनलेलं हे विष इथंच कुणी घेतलं का, घेतलं तर किती जणांनी, कुठल्या वयाच्या? किलोचं उत्तर मिळतं, माणसांचं मिळत नाही. आणि जप्तीच्या आकड्याची गंमत अशी की पोलीस जागे असले की तो वाढतो, झोपले की घटतो. ज्या वर्षी छापाच पडला नाही, त्या वर्षी जिल्हा नशामुक्त झाला म्हणायचं का?

दुसरा आकडा शपथांचा. १५ ऑगस्ट २०२० ला नशामुक्त भारत अभियान २७२ जिल्ह्यांत सुरू झालं. दर २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, आमच्याकडे शाळेच्या पोरांची फेरी निघते, फलक असतात, घोषणा असतात. किती कोटी लोकांपर्यंत पोहोचलो हे अभियान सांगतं. पोहोचल्यावर कुणाचं काय सुटलं, ते सांगत नाही.

दुसरं गाऱ्हाणं राष्ट्रीय पाहणीचं, आणि इथे आधी पाठ थोपटतो. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्रानं सामाजिक न्याय मंत्रालयासाठी २०१८ मध्ये जी पाहणी केली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केली, ती मी वाचली आहे. मोठं काम आहे. १८६ जिल्हे, दोन लाखांवर घरं, पावणेपाच लाखांच्या आसपास माणसं, वय १० ते ७५. दारू घेणारे १४.६ टक्के, गांजा-भांग २.८ टक्के, अफूच्या कुळातले पदार्थ २ टक्क्यांहून थोडे जास्त. हुंगायच्या पदार्थांत, म्हणजे पंक्चरचं सोल्युशन, व्हाइटनर वगैरे, पोरांचं प्रमाण १.१७ टक्के नि मोठ्यांचं ०.५८. प्रौढांपेक्षा मुलं पुढे असलेला हा एकच गट. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या अडतीस जणांत एकाला कधीतरी कसलातरी उपचार मिळालेला.

त्यांनी आणखी एक शहाणपण केलं. घरी जाऊन विचारलं तर लोक खरं सांगत नाहीत, हे त्यांनी गृहीत धरलं. आई शेजारच्या खोलीत चहा टाकतेय आणि पोरगं पाहुण्याला सांगणार, हो, मी सुई टोचून घेतो? म्हणून नशा करणाऱ्यालाच कूपन दिलं, त्यानं आपल्या ओळखीचे दोन-तीन आणायचे, त्यांनी पुढचे. अशा साखळीनं ७२ हजारांवर माणसांपर्यंत ते पोहोचले. हे ज्याला सुचलं त्याला सलाम.

पण त्याआधीची राष्ट्रीय पाहणी २०००-०१ ची, आणि तिच्या घरोघरीच्या भागात फक्त पुरुष मोजले होते. बायका नशा करत नाहीत असं तेव्हा कुणी ठरवलं, त्यांनी माझ्या दुकानात एक दिवस बसायचं होतं. पुढची पाहणी सतरा वर्षांनी. आजही भाषणांत २०१९ चेच आकडे वाचले जातात. जनगणनेला दहा वर्षांचं अंतर चालतं, कारण माणसं दर वर्षी बदलत नाहीत. नशा बदलते. एका गोळीवर बंधन आलं की सहा महिन्यांत दुसरी आलेली असते. त्या अहवालात पदार्थांचे आठ गट आहेत, पण माझ्या भाच्याचं इंजेक्शन वेगळं असं कुठेच नाही. शिवाय अंदाज राज्यापर्यंत येऊन थांबतात. 'महाराष्ट्र' या एका आकड्यात मुंबईचा डोंगरीही आला नि आमचं जतही. त्यावरून सांगलीत काय करायचं, हे सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कसं ठरवावं? बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली, त्यात व्यसनंही होती. बारा राज्यं निवडली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता.

तिसरं. आरोग्य खात्याकडे मोजायची सवय नाही, असं कुणी म्हणू नये. २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम चालतो. आरोग्य केंद्रातून माहिती नियमित वर जाते. आरोग्यसेवकाचा फॉर्म वेगळा, डॉक्टरचा वेगळा, लॅबचा वेगळा. गावात चार जणांना जुलाब झाले की जिल्ह्याला कळतं. डॉक्टरच्या फॉर्ममध्ये डेंग्यू आहे, कावीळ आहे, कुत्रा चावणं आहे, साप चावणं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रानं राज्यांना लिहिलं की सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. चांगलं केलं, आमच्या नागपंचमीच्या शिराळ्याला त्याचं महत्त्व कुणी शिकवायला नको. पण कुत्रा चावलेला माणूस सरकारी आकड्यात येतो आणि गोळ्या खाऊन तोंडाला फेस आलेलं पोरगं येत नाही. त्याच फॉर्मच्या शेवटाकडे एक ओळ आहे, राज्यानं ठरवलेला अन्य आजार. ती ओळ तयार आहे. नवा कायदा नको, नवं पोर्टल नको. राज्यानं फक्त तिच्यात नाव भरायचंय.

चौथं माझ्या धंद्यातलं, त्यामुळे जरा लांबेल.

मार्च २०१४ पासून आम्हा मेडिकलवाल्यांना एच-१ रजिस्टर ठेवावं लागतं. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, डायझेपाम, खोकल्याच्या औषधातलं कोडीन, दुखणं थांबवणारं ट्रामाडोल, झोपेची झोल्पिडेम, अशी औषधं विकली की डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, नग, सगळं लिहायचं. तीन वर्षं जपायचं. ड्रग इन्स्पेक्टर आला की रजिस्टर आहे का बघतो, कधी दोन चिठ्ठ्या ताडून बघतो, सही करतो, जातो. मी बत्तीस वर्षांत एकाही इन्स्पेक्टरला बेरीज करताना पाहिलेलं नाही.

ती बेरीज केली तर काय दिसेल, सांगतो. अमुक पेठेत झोपेच्या गोळ्यांचा खप एका वर्षात चढला. खोकल्याचं औषध ऐन उन्हाळ्यात, जेव्हा कुणी खोकत नाही, तेव्हा खपतंय. एकाच डॉक्टरच्या चिठ्ठ्या तीन तालुक्यांत फिरतायत. आणि हेही दिसेल की पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायका सहा-सहा वर्षं एकाच जुन्या चिठ्ठीवर अर्धी गोळी घेऊन झोपतात. नवरा गेला तेव्हा डॉक्टरनं पंधरा दिवसांपुरती लिहिली होती, पुढे कुणी बंद कर म्हटलंच नाही. त्यांना नशेबाज म्हणायची कुणाची छाती नाही, माझी तर मुळीच नाही. पण ती गोळी एकदम थांबवली तर फिट येऊ शकते, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्या तुमच्या फेरीत नसतात, छाप्यात सापडत नाहीत. त्या फक्त माझ्या रजिस्टरात आहेत.

होलसेलरकडून दुकानाला किती माल आला, हे तर बिलाच्या संगणकात पडलेलंच असतं. रुग्णाचं एकही नाव न घेता तालुकावार महिन्याचा खप काढता येतो. हुशार पोरगा दुपारभरात करेल.

पाचवं गाऱ्हाणं भीतीचं आहे. मोजायला लोक समोर यावे लागतात, आणि इथे समोर येणं म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी चढणं, असा समज आहे. समज चुकीचाही नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात नशेचा पदार्थ घेणं हाच कलम २७ खाली गुन्हा आहे. त्याच कायद्यात ६४अ कलम आहे, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारं. ते कलम मी आजवर एकाही सरकारी फलकावर वाचलेलं नाही. 'नशा करी दुर्दशा' मात्र एसटी स्टँडपासून पंचायत समितीपर्यंत वाचलंय. यमक छान आहे.

या बाबतीत आमच्या जिल्ह्याला एक जुना धडा पाठ आहे. एचआयव्हीच्या काळात जास्त लागणीचा जिल्हा म्हणून सांगलीचं नाव देशभर घेतलं जायचं, ते माझ्या वयाच्या लोकांना आठवतं. तेव्हा गरोदर बायकांच्या नेहमीच्या तपासणीतलं उरलेलं रक्त नाव-गाव काढून टाकून तपासलं जायचं. कुणाला काय आहे हे कुणाला कळत नसे, पण जिल्ह्यात किती आहे हे सरकारला कळायचं. त्यावर औषधं आली, केंद्रं आली. लाज आणि मोजणी यांची फारकत तेव्हा करता आली होती. त्या वेळी जमलं ते आता का जमू नये, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवंय.

बाहेरच्या जगाचं थोडक्यात सांगतो. युरोपातल्या शहरांत २०११ पासून दर वर्षी एक आठवडा सांडपाण्याचे नमुने घेतात आणि शहरानं कोकेन किती घेतलं, एमडीएमए नावाची नशेची गोळी किती, ते काढतात. शनिवार-रविवारी आकडा चढलेला दिसतो, इतकं बारीक कळतं. आपल्यालाही हे नवं नाही. पोलिओसाठी मुंबईचं सांडपाणी २००१ पासून तपासलं जातंय. आमचा शेरी नाला कृष्णेत काय काय सोडतो, यावर सांगलीकर दोन पिढ्या भांडतोय. निदान त्या पाण्याचा हा एक तरी उपयोग करून घ्या. अमेरिकेत २०२३ साली लाखावर माणसं अतिसेवनानं गेली आणि २०२४ मध्ये तो आकडा सुमारे पाव हिश्शानं उतरला. उतरला हे त्यांना कळलं, कारण तिथे महिन्याच्या महिन्याला मोजतात. आपल्याकडे उद्या वाढला काय नि उतरला काय, दोन्ही वेळा फेरी निघणार.

म्हणून माझ्या मागण्या, साध्या शब्दांत.

सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांनी डॉक्टरच्या फॉर्ममधल्या त्या मोकळ्या ओळीत नशेच्या पदार्थामुळे झालेली विषबाधा घालावी, आणि सुरुवात सांगली-साताऱ्यापासून करावी. सरकारी रुग्णालयांच्या अपघात विभागापुरती केली तरी पुरे, खासगीचं पुढे बघू. व्हिसेराचा अहवाल पोलिसांकडे जाईल त्याच दिवशी त्याची एक प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जावी, आणि मृत्यू नोंदणीतलं कारण त्याप्रमाणे दुरुस्त व्हावं. तेरा महिने लागता कामा नयेत. एच-१ औषधांचा आणि त्यासोबत मेफेंटरमाइनचा तालुकावार खप दर महिन्याला काढला जावा.

केंद्राकडे मागणं असं की राष्ट्रीय पाहणी दर तीन वर्षांनी व्हावी आणि तिचे अंदाज जिल्ह्यापर्यंत उतरावेत. तेवढा पैसा नसेल तर निवडक जिल्ह्यांत कायमची मोजणी केंद्रं ठेवा, एचआयव्हीसाठी ठेवली तशी. व्यसनमुक्ती केंद्रांकडे रुग्णांच्या नोंदी वर्षानुवर्षं साठलेल्या आहेत. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून काम करतंय, साताऱ्यात परिवर्तन आहे. येणारा रुग्ण कोणत्या पदार्थानं आला, पहिल्यांदा कोणत्या वयात घेतला, एवढं नाव वगळून एकत्र आणलं तरी वारा कुठल्या दिशेनं वाहतोय ते कळेल.

आणि एक अट, जिच्याशिवाय वरचं काहीही करू नका. आरोग्याच्या वहीतलं एकही नाव पोलिसांच्या वहीत जाता कामा नये. हे लेखी आदेशात हवं, भाषणात नको. तो आदेश नसेल तर मोजणी सुरूच करू नका, कारण पहिल्या आठवड्यात एका पोराला उचललं की दुसऱ्या आठवड्यापासून रुग्णालयात कुणी येणार नाही. पोरं घरीच मरतील, आणि तुमचा आकडा खाली आलेला दिसेल.

जमलेले आकडे दर तीन महिन्यांनी जिल्हा परिषदेच्या फलकावर लागावेत. शाळेच्या मुख्याध्यापकाला, तालमीच्या वस्तादाला, भरतीच्या अकादमीवाल्याला आपल्या भागात सध्या काय फिरतंय ते कळू दे. भाच्याच्या अकादमीतल्या सरांना त्या इंजेक्शनचं नाव मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं, असं ते म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला आहे.

कायद्यानं तीन वर्षं झाली की जुनं एच-१ रजिस्टर रद्दीत टाकता येतं. मी एकही टाकलेलं नाही. २०१४ पासूनची सगळी दुकानाच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत आहेत. तुमच्या खात्यातलं कुणी नावं झाकून बेरीज करायला येणार असेल तर पेटी खाली काढून ठेवतो. पहिली चार वर्षं माझ्या अक्षरात आहेत, ती वाचून दाखवायला मी बसेन. दुकान रविवारी दुपारी बंद असतं, तेव्हा आलात तर बरं.

आपला,
एक मेडिकल दुकानदार
विश्रामबाग, सांगली